घरच्या संगणकाला कोणते ‘ऑफिस’ हवे?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी संगणक आला. वापरलेलाच, पण सोयाबीनच्या पैशांतून घेतलेला. अण्णांना सहीपुरते लिहिता येते, आईला तेवढेही नाही. त्यामुळे या यंत्रात काय असावे हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आणि दहावीतल्या धाकट्या भावाकडे आले. लेखन, हिशेब आणि तक्ते करण्याच्या सॉफ्टवेअरला सगळे ‘ऑफिस’ म्हणतात. ते कोणते घ्यावे हा प्रश्न मला आधी क्षुल्लक वाटला होता. आता तसे वाटत नाही.

संगणक विकणाऱ्याने मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ‘फुकट’ टाकून दिले होते. महिनाभराने पडद्यावर सूचना आली, की ही प्रत अधिकृत नाही. भावाने ती वाचून दाखवली तेव्हा अण्णांनी विचारले, “म्हंजे हे इकत घेतलेलं न्हाई का?” आम्ही दोघेही गप्प. दुसऱ्याच्या बांधावरचे लिंबूही न विचारता न तोडणाऱ्या माणसाला “सगळेच असे करतात” हे उत्तर देता येईना.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी अकरावीत असताना वहीत उतरवल्या होत्या आणि एका दुकानातून टाईप करून घेतल्या होत्या. ती फाईल घरी उघडली, तर ओव्यांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! आजी आता नाही. वही जपून ठेवली होती म्हणून ओव्या वाचल्या.

कारण शोधले तेव्हा कळले ते असे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की मराठी नाहीशी होते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५, मग संगणक कोणाचाही असो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. तरीही आपल्याकडे आज कित्येक ठिकाणी जुन्याच फॉन्टमध्ये मजकूर तयार होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, मायक्रोसॉफ्टचे ऑफिस रीतसर विकत घेणे किंवा त्याची वार्षिक वर्गणी भरणे. ते उत्तम आहे यात वाद नाही. पण दरवर्षीची वर्गणी म्हणजे आमच्या घरात दरवर्षी नवा वाद. दुसरा, गूगल डॉक्स. त्याला पैसे पडत नाहीत, मोबाईलवरही चालते. पण त्याची खरी मदार इंटरनेटवर, आणि आमच्याकडे रेंज मनाला येईल तेव्हा येते. तिसरा मार्ग लिबरऑफिस. जुन्या ओपनऑफिसमधून २०१० साली ते वेगळे झाले आणि द डॉक्युमेंट फाऊंडेशन ही संस्था ते सांभाळते. ते उतरवून घेणे, वापरणे आणि दुसऱ्याला देणे हे सारे कायदेशीर आहे. त्याच्या फाईलींची ओपनडॉक्युमेंट ही पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिचे नियम सर्वांना खुले असल्याने एखादी कंपनी उद्या बंद पडली, तरी आपला मजकूर अडकून पडत नाही.

माझी मैत्रीण म्हणते, “नोकरीत वर्ड आणि एक्सेलच विचारतात, एम.एस.-सी.आय.टी.लाही तेच शिकवतात. मग उगाच वेगळे कशाला?” तिचे म्हणणे खोटे नाही. लिबरऑफिसमध्ये वर्डची फाईल उघडते, वर्डसाठी जतनही करता येते. पण कधी तक्ता सरकतो, कधी पान बदलते, हेही मान्य केले पाहिजे. ज्याला वर्षभरात नोकरीची परीक्षा द्यायची आहे त्याने वर्डचा सराव जरूर करावा. परंतु शाळकरी मुलाने समास कसा सोडावा, शीर्षक कसे द्यावे, बेरजेचे सूत्र कसे मांडावे हे शिकायचे असते. कोणते बटण कुठे आहे, ते आठवड्यात कळते. केरळच्या सरकारी शाळांनी ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमातून मुक्त सॉफ्टवेअरवरच मुलांना शिकवले. तेथील मुले त्यामुळे मागे पडली असे कोणी म्हणणार नाही.

आम्ही लिबरऑफिस घेतले. आता भाऊ त्यावर शाळेचा प्रकल्प लिहितो आणि सरांना पीडीएफ करून देतो, म्हणजे तक्ता सरकण्याची भीती नाही. अण्णांचा बी-बियाण्याचा नि खताचा हिशेब मी त्यात मांडते. इनस्क्रिप्ट कळफलकाने पहिले पंधरा दिवस बोटांना छळले, पण आता मराठी सरळ मराठीतच उमटते. वहीतल्या निम्म्या ओव्या पुन्हा लिहून झाल्या आहेत.

माझ्यासारखी घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. आपल्या घरातली पहिली लिखित कागदपत्रे बहुधा आपणच तयार करणार. ती चोरीच्या प्रतीत आणि न उघडणाऱ्या फॉन्टमध्ये का ठेवायची? प्राध्यापकांनी प्रकल्प युनिकोडमध्ये मागावेत आणि पीडीएफ चालवून घ्यावी, एवढीच विनंती. मित्रमैत्रिणींनो, ज्यांना लिबरऑफिस हवे असेल त्यांनी पेनड्राईव्ह घेऊन यावे. मी देईन, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.