घुंगरू माळ्यावर

बॅले म्हटलं की डोळ्यांपुढे परदेशातल्या पऱ्या येतात. पण आपल्या खंडाळ्यालाच मादाम मेनका यांची नृत्यशाळा होती! मूळच्या लीला रॉय, यजमान डॉ. सोखी हाफकिन संस्थेचे संचालक. घरंदाज बाई नाचते म्हणून लोक नाकं मुरडत त्या काळात, १९३६ मध्ये, त्या आपला संच घेऊन बर्लिनला गेल्या. पुढे कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'वर त्यांनी बॅले बसवला.

मालविका खरी राजकन्या. साधूच्या भाकितामुळे वर्षभर दासी. राजासमोर नाचते आणि मनातली ओढ त्या नाचातूनच सांगते.

आपल्या रत्नागिरीतही आई हौसेनं मुलीला नृत्याच्या क्लासला घालते. दहावी आली की घुंगरू माळ्यावर, मग नोकरी, लग्न. ''नशिबातच नव्हतं हो,'' म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला मंडळाच्या कामात भेटतात. नशीब कसलं? घरात चहा पिता पिता कुणीतरी ठरवलेलं असतं. मालविकेचं दासीपण निदान वर्षात संपलं.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाचा खर्च टाळून आम्ही अशा चाळिशीतल्या सहाजणींना स्टेज देतोय. एकीच्या सासूबाईंनीच माळ्यावरून घुंगरू काढून दिलेत.