कादंबरीतले मल्हारराव

अलीकडे वाचलेल्या लोकप्रिय कादंबऱ्यांपैकी कोणत्या कादंबरीशी आपले भांडण झाले, असा प्रश्न आम्ही गेल्या अंकात वाचकांपुढे ठेवला होता. ‘आवडली’, ‘नावडली’ एवढ्यावर न थांबता भांडण कोणत्या प्रसंगावरून झाले तेही कळवावे, अशी विनंती होती. पत्रे उदंड आली. त्यांतील निम्मी, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, कथानक सांगण्यातच संपली. सारांश आणि मत यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावता समजावता आमचे केस पिकले. तेव्हा वडीलधाऱ्या वाचकांकडे याविषयी तक्रार करण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. उरलेल्या पत्रांत मात्र दोनच पुस्तकांनी बहुतेक जागा व्यापली. एक रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आणि दुसरी विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८). पहिलीने साठी ओलांडली, दुसरीही आता कोवळी राहिलेली नाही. पण पत्रांवरून वाटावे की दोन्ही परवाच छापखान्यातून बाहेर पडल्या!

इंदूरचे एक गृहस्थ लिहितात की, ‘पानिपत’ त्यांनी तीन रात्रींत बरीचशी वाचली आणि शेवटच्या दिवसाशी येऊन मिटून ठेवली. कारण असे : “आमच्या देवघरात अहल्याबाईंची तसबीर आहे. तिच्यासमोर बसून तिच्या सासऱ्यांना रण सोडून जाताना आम्ही कसे वाचावे?” त्यांच्या सौभाग्यवतींनी पुस्तक पुढे पुरे केले आणि आता दोघांत त्यावर बोलणे बंद आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. याच टपालाने ग्वाल्हेरहून एका निवृत्त लेखापालांचे पत्र आले. त्यांचा सूर अगदी वेगळा. दत्ताजी शिंदे जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले, वर्षभराने पानिपतावर जनकोजीही गेले, महादजी पायाला जन्माची जखम घेऊन कसेबसे वाचले, “होळकर मात्र धडधाकट परतले, मग कादंबरीने ते लिहिले तर बिघडले कोठे?” असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

पुण्यामुंबईच्या वाचकाने हे भांडण ऐकले तर तो कदाचित हसेल. त्याच्या लेखी पानिपत हा एक पराभव आहे, दूरच्या मुलखात झालेला. आपल्याकडे तो घरचा हिशेब आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या शहरांत मराठी घरे आहेत याचे कारणच मुळी होळकर, शिंदे आणि गायकवाड, आणि हे तिघेही १४ जानेवारी १७६१ रोजी त्या मैदानावर होते. म्हणून आपल्या गावातील वाचक कादंबरी उघडतो तेव्हा नकळत स्वतःच्या घराण्याची साक्ष काढून पाहतो. यात गैर काही नाही. अडचण एवढीच की, साक्ष प्रतिकूल निघाली की तो लेखकावर रागावतो आणि अनुकूल निघाली की कादंबरीलाच बखर समजू लागतो.

मल्हाररावांविषयी निर्विवाद तेवढे सांगू. विश्वासराव पडल्यावर फौजेचा धीर सुटला. मल्हारराव आपल्या पथकांसह मैदानातून निघून गेले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई जिवंत परतल्या. भाऊंनीच आपल्या कुटुंबाला सुखरूप नेण्याची कामगिरी मल्हाररावांवर सोपवली होती, असे होळकरांच्या बाजूने सांगितले जाते; नजीबखानाला त्यांनी पूर्वी पाठीशी घातले आणि ऐन वेळी काढता पाय घेतला, असे विरुद्ध बाजू म्हणते. इतिहासकारांत या प्रश्नावर आजही एकमत नाही.

‘पानिपत’ कादंबरीने एक मोठे काम केले, ते नाकारून चालणार नाही. हेकट, गर्विष्ठ, कोणाचे न ऐकणारा सेनापती, अशी भाऊंची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्र्यं. शं. शेजवलकरांनी आपल्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात भाऊंची बाजू पुराव्यानिशी मांडली, परंतु तो ग्रंथ अभ्यासकांच्या टेबलावर राहिला. घरोघरी भाऊ माणूस म्हणून पोहोचले ते विश्वास पाटलांमुळे. आता कादंबरीत दिवा एकाच्या तोंडाशी धरला की दुसऱ्याच्या तोंडावर सावली पडणारच. भाऊ उजेडात आले, त्या प्रमाणात त्यांचे टीकाकार अंधारात गेले. आमच्या मते इंदूरच्या गृहस्थांनी मिटलेले पुस्तक पुन्हा उघडावे, आणि सावलीत कोण उभे आहे हे पाहत शेवटपर्यंत वाचावे. तसबिरीची त्याला हरकत असणार नाही. ग्वाल्हेरच्या लेखापालांना मात्र एवढेच विचारावेसे वाटते की, हीच कादंबरी शिंद्यांना सावलीत ठेवून लिहिली गेली असती, तर त्यांचा सवाल इतका रोकडा राहिला असता काय?

हे केवळ मराठी माणसाचेच आहे असेही नाही. २०१९ साली ‘पानिपत’ नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा सूरजमल जाट यांच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली. पानिपतावरून जीव घेऊन परतणाऱ्या मराठ्यांना ज्या राजाने आसरा दिला, त्याचे हे चित्रण पाहून भरतपूरकडच्या लोकांना जे वाटले, ते आपल्याला समजू नये इतके आपण परके नाही.

‘स्वामी’वरील पत्रे अधिक हळवी आहेत. बेळगावच्या वाचकांना रणजित देसाई घरचेच, कारण त्यांचे कोवाड तेथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या पत्रांत टीका शोधूनही सापडली नाही. एका पत्राने मात्र आम्हांस थांबविले. बडोद्याच्या एका आजींनी आणि त्यांच्या नातीने ते मिळून लिहिले आहे. आजींनी ‘स्वामी’ लग्नाआधी वाचली, पुढे अनेकदा वाचली आणि थेऊरचा शेवट आला की दर वेळी डोळे पुसले. नातीने या सुटीत वाचली. तिलाही रमा फार आवडली, पण शेवट वाचून तिने आजीला विचारले, “ही चितेवर चढते तेव्हा तुम्ही सगळ्या रडता, पण तिला अडवीत कोणी नाही, याचा कोणालाच राग कसा येत नाही?” आजींनी प्रामाणिकपणे लिहिले आहे की, इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

प्रश्न बिनतोड आहे. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी सत्ताविसाव्या वर्षी गेले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. तो बदलण्याचा अधिकार कादंबरीकाराला नव्हता. मात्र त्या ज्वाळांना मंगल प्रकाश कितपत द्यावा हे त्याच्या हातात होते, आणि नातीचे भांडण तेथे आहे. आजींचे अश्रू खोटे ठरविण्याची आम्हांस मुळीच इच्छा नाही. साठ वर्षांपूर्वीच्या वाचिकेने त्या शेवटात निष्ठा पाहिली, आजच्या मुलीला त्यात एक तरुण स्त्री मरताना दिसते. पुस्तक तेच आहे.

येथे पुन्हा मल्हारराव आठवतात. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा मुलगा खंडेराव मारला गेला. अहल्याबाई सती जाण्यास निघाल्या, आणि या सासऱ्याने त्यांना विनवून परावृत्त केले, असे त्यांची चरित्रे सांगतात. तिला अडविणारा एक माणूस होता म्हणून पुढे माहेश्वर दिसले. पानिपतावरून निघून गेलेला आणि सुनेला चितेपासून परत आणणारा, हा माणूस एकच. त्याच्यावर एका बाजूने निकाल देणे कठीण आहे. आमच्या बडोद्याच्या छोट्या वाचिकेने हा प्रसंग आजीला जरूर वाचून दाखवावा, आणि इंदूरच्या दांपत्याने निदान या मुद्द्यावर तरी बोलणे सुरू करावे.

देवासच्या एका महाविद्यालयीन तरुणाने ‘मृत्युंजय’वर हिंदीत पत्र पाठविले, कादंबरीही त्याने हिंदीतच वाचली आहे. त्याचा मजकूर आम्ही मराठी करून पुढील अंकात देत आहोत. हिंदी पत्र का घेता, असे कोणी विचारण्यापूर्वीच सांगतो : शिवाजी सावंतांच्या कर्णावर चार पाने मनापासून लिहिणारा मुलगा आमचाच आहे. ‘मृत्युंजय’ घरी मराठीत असेल त्यांनी ती त्याला वाचावयास द्यावी. पत्ता संपादकांकडून मिळेल.

पुढील महिन्यासाठी ना. सं. इनामदार यांची ‘झुंज’ घेऊ. नायक यशवंतराव होळकर. १८०२ साली त्यांनी पुण्यापाशी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला होता, हे लक्षात घेऊन ग्वाल्हेरकरांनीही अवश्य लिहावे. पत्रे दोन पानांपेक्षा मोठी नसावीत, कागदाच्या एकाच बाजूस लिहावीत, आणि कथानक आम्हांस ठाऊक आहे असे गृहीत धरावे.