चाकाचे दात मोजणारी माणसे

वाचकहो, पुढचे ग्रहण कधी लागणार हे आज आपण वर्तमानपत्रात वाचतो. ग्रीक लोकांकडे दोन हजार वर्षांपूर्वी हे सांगणारे एक यंत्र होते. ते कांस्य धातूचे होते. आतली दातेरी चाके फिरली की तबकड्यांवरचे काटे सूर्य-चंद्राची जागा आणि ग्रहणाचा महिना दाखवीत.

१९०१ साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून पाणबुड्यांनी पुतळे वर काढले. त्यांच्याबरोबर हे गंजलेले यंत्रही आले. आज त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

आता प्रश्न असा, की गंजाने चिकटलेले यंत्र उघडून पाहायचे कसे? उघडले तर त्याचा भुगा होणार. म्हणून डेरेक प्राइस या संशोधकाने १९७१ च्या सुमारास एक्स-रे काढून घेतले. पण साध्या एक्स-रेत सगळी चाके एकावर एक दिसतात. पुढे २००५ साली आठ टनांचे खास एक्स-रे यंत्र संग्रहालयात आणले गेले. दवाखान्यात सीटी स्कॅन करतात, तसे तुकड्यांचे आतले थर वेगवेगळे पाहता आले. तीस चाके उरली आहेत, हे स्पष्ट झाले. आत दडलेली बारीक अक्षरेही वाचता आली.

मग सुरू झाली मोजणी. अर्धे चाक तुटलेले असले, तर उरलेल्या दातांमधले अंतर मोजून पूर्ण चाकाचा हिशेब करतात. एका मोठ्या चाकाचे दात २२३ ठरले. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी, तशीच ग्रहणे पुन्हा येतात. दातांच्या संख्येवरून चाकाचे काम कळले!

प्राइस यांनी मांडलेली एक महत्त्वाची जुळणी पुढे चुकीची ठरली. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात काम केलेले मायकेल राइट यांनी पुन्हा मापे घेतली आणि स्वतःच्या हाताने यंत्राची प्रतिकृती घडवली. कागदावर जमलेले धातूत जमते का, हे असेच तपासावे लागते. ग्रह दाखवणारा पुढचा भाग बहुतेक हरवला आहे. त्याची एक रचना लंडनच्या संशोधकांनी २०२१ साली सुचवली, पण तो अंदाज आहे आणि तेही तसेच सांगतात.

वाचकहो, हे यंत्र घडवणाऱ्याचे नाव कुठेच सापडलेले नाही. आपल्या घरांत लेथवर, फिटिंगवर हात काळे करणारी माणसे आहेत. एवढासा दात कापताना हात किती स्थिर लागतो, हे त्यांना ठाऊक आहे. आज रात्री मुलांना हा लेख वाचून दाखवा, आणि दात कसे कापतात ते त्यांना घरातल्या कारागिराकडूनच ऐकू द्या.