घाटमाथ्यावरचा पाऊस आणि आपली पर्जन्यप्रार्थना



सुक्कोथचा सण सरता सरता, शेमिनी अत्सेरेथच्या दिवशी, आपण पावसासाठी प्रार्थना करतो. ईलिंगमध्ये त्या सुमारास पुष्कळदा छत्री घेऊनच बाहेर पडावे लागते. मुले साहजिकच विचारतात, "येथे पावसाची काय वाण आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या सह्याद्रीकडे पाहिले असता चांगले उमजते.

नैर्ऋत्येकडील मोसमी वारे अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन जूनमध्ये कोकणावर येतात. अलिबागेस वर्षाकाठी सुमारे ८५ इंच पाऊस पडतो. पुढे सह्याद्रीची भिंत आडवी आली की वारे वर चढतात, थंड होतात व आपला भार तेथेच रिता करतात. म्हणून साडेचार हजार फूट उंचीवरील महाबळेश्वरास सव्वादोनशे इंचांच्या आसपास पाऊस होतो. तेथून पूर्वेस अवघ्या बारा मैलांवर पाचगणी. तेथे त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. घाट उतरून वाईस यावे, तो तीस इंचांची गोष्ट! डोंगर ओलांडून खाली उतरणारा वारा उष्ण व कोरडा होतो; या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात देशावरील जिल्ह्यांनी काय सोसले, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. तथापि त्याच घाटमाथ्यावर उगम पावलेली कृष्णा पश्चिमेचा जवळचा समुद्र सोडून आठशेहून अधिक मैल पूर्वेस वाहते आणि त्या तहानलेल्या मुलखास पाणी पुरविते.

आता एक नवल पाहा. पुण्यास वर्षाला सुमारे २८ इंच पाऊस पडतो, तर लंडनला सुमारे २४. म्हणजे पुणेच वरचढ! परंतु पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबरात येऊन जातो. ईलिंगचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा झिरपत राहतो. येथे वाऱ्यास अडविणारा डोंगरही नाही. आपल्या भागातील हॉर्सेंडन टेकडी पावणेतीनशे फुटांचीच. तेव्हा पावसाचे मोल केवळ इंचांवर ठरत नाही. तो केव्हा व कोठे पडतो, यावर ठरते.

यरुशलेमची स्थिती अशीच आहे. ते सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, डोंगराळ मुलखात वसले आहे. तेथील पाऊस लंडनहून थोडाच कमी, सुमारे २२ इंच. पण तो हिवाळ्यातच, पश्चिमेच्या समुद्रावरून येतो आणि उन्हाळा सारा कोरडा जातो. पंधरा-सोळा मैल पूर्वेस यरीहो येथे सहा-सात इंचच पडतो. महाबळेश्वर आणि वाई यांचाच हा न्याय! अनुवादाच्या अकराव्या अध्यायात वचनदत्त देशाचे वर्णन डोंगर व खोऱ्यांचा आणि आकाशाच्या पावसावर जगणारा देश असे केले आहे, ते यथार्थ होय. शेमिनी अत्सेरेथची प्रार्थना त्या देशाच्या पेरणीसाठी आहे. परदेशांत आपण अमिदामध्ये पावसाची मागणी डिसेंबरच्या ४ अथवा ५ तारखेच्या संध्याकाळपासून करू लागतो. ती वेळ मात्र प्राचीन बाबेलच्या हवामानावरून ठरलेली आहे.

आपल्या पूर्वजांनी कोकणात हीच प्रार्थना जपली, वास्तविक त्या सुमारास तेथला पाऊस परतत असे. स्वतःच्या शेतासाठी नव्हे, तर न पाहिलेल्या डोंगरांसाठी ते याचना करीत. त्याच तिश्री महिन्यात नव्या धान्याची खीर करून खिरीचा सणही ते पाळीत. एका हाती यरुशलेमचा पाऊस, दुसऱ्या हाती कोकणचे धान्य. दोन्हींचा मान त्यांनी राखला.

म्हणून मुलांनी पुन्हा तो प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प करू नका. दोन्ही देशांचे नकाशे पुढे ठेवा आणि डोंगराची पश्चिम व पूर्व बाजू बोटाने दाखवा. आपण दुसऱ्याच्या शेतासाठीही पाऊस मागतो, हे त्यांना कळले तर प्रार्थना त्यांच्या ओठांवर टिकेल.

शालोम.