बैलाची खोड सांगता, मग गाडीची का लपवता?



एरवी या पानावर मी छाटणी, बहार, फवारणी आणि पाण्याच्या नोंदी टाकतो. आजची नोंद मोटरसायकलची आहे. कुणी म्हणेल, हिचा शेतीशी काय संबंध? दुधाचे कॅन, खताचं पोतं, वैरणीचा भारा, औषधाची बाटली, आणि रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला निघालेला माणूस, हे सगळं आज दोन चाकांवरच चालतंय. दावणीचे बैल गेले आणि त्यांच्या जागी ही आली. म्हणून बोलणं भाग आहे.

मे महिन्यात जुनी गाडी घेतली. शंभर सीसीची, सात वर्षं वापरलेली, किंमत ३६,००० रुपये. विकणारा लांबच्या नात्यातला. म्हणाला, "मास्तरची गाडी हाय दाजी. शाळा ते घर, घर ते शाळा. पोतं कसलं असतं ते हिला म्हाईत न्हाय." गाडी धुतलेली, पॉलिश मारलेली, सीट कव्हर नवं. एका किकला चालू झाली. मी गावातल्या गावात एक चक्कर मारली, चहा घेतला, पैसे मोजले. एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली नाही. मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं.

तीन आठवड्यांनी थंड इंजिनवर सकाळी निळा धूर दिसायला लागला. मग चढाला दम तुटायला लागला. ऑगस्टमध्ये डाळिंबावर तेल्याचे ठिपके दिसले. दोन दिवसांची उघडीप होती, औषध आणायला तालुक्याला निघालो आणि ओढ्याच्या चढाला गाडी बसली. ढकलत परत आणली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीवर औषध आणलं, तोवर पाऊस सुरू झाला. फवारणी तीन दिवस लांबली. तेल्या गाडीमुळं आला असं मी म्हणणार नाही, तो हवेनं आणि बागेतल्या जुन्या रोगट काड्यांनी आला. पण हातातली उघडीप गेली ती गाडीमुळंच.

मिस्त्रीनं इंजिनमधलं ऑइल काढलं तर ते काकवीसारखं घट्ट. म्हणाला, "मालक, ह्यात मुद्दाम जाड ऑइल घातलंय. आवाज दबतो, धूर चार दिवस कमी दिसतो." ब्लॉक उघडला तर रिंगा संपलेल्या, सिलिंडरला उभे ओरखडे. टायमिंग चेन ढिली. आणि मागची सीट काढल्यावर चेसीला वेल्डिंगच्या खुणा, वरून काळा रंग मारलेला. दुधाच्या कॅनचं स्टँड तिथं बसवलेलं होतं. अशी ही मास्तरची गाडी! बोअर, पिस्टन, टायमिंग चेन, कोनसेट आणि मजुरी धरून ११,२०० रुपये गेले.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण राग आला तो त्यानंतर ऐकलेल्या बोलण्याचा.

विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "घेताना बघून घ्यायचं व्हतं." पारावर सांगितलं तर तिथंही तेच. "सेकंड हँड म्हणजे नशिबाचा खेळ." "तो काय हरिश्चंद्र हाय व्हय?" आणि इंजिनचं काम करायच्या आधीच एका शहाण्यानं सल्ला दिला, "पैसे घालतोस कशाला? जाड ऑइल घाल, धुऊन पूस, आणि दे ढकलून पुढं. तुला जशी आली तशी दुसऱ्याला जाईल."

मंडळी, माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

आपल्याकडं सांगोल्याच्या बाजारात खिलार बैल घ्यायला गेलेला माणूस काय करतो? तोंड उघडून दात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, की जुळलेला आहे. चालवून बघतो, खूर बघतो, खांदा बघतो. आणि मग तोंडानं विचारतो, "मारका हाय का? औताला बसतो का?" आमच्या वडिलांच्या काळी खोड सांगून बैल विकायची रीत होती. "डाव्या अंगाला जुंपला तरच चालतो" असं सांगून दिलेला बैल दोन पैसे कमी आणायचा, पण देणाऱ्याला पुढच्या बाजारात तोंड लपवावं लागायचं नाही. खोड लपवून बसका बैल गळ्यात मारला तर त्या माणसाच्या दावणीला पुन्हा कुणी जायचं नाही. सगळेच तेव्हा साधू होते असं नाही. पण लबाडीला लबाडी म्हणायची पद्धत होती. आज गाडीच्या बाबतीत आपण तिला हुशारी म्हणतो.

आता दुसरी बाजू बघा. सोयाबीन उगवलं नाही की आपण काय करतो? पंचनामा मागतो, दुकानासमोर बसतो. बरोबरच आहे. पिशवीवरच्या लेबलवर उगवणक्षमता किमान ७० टक्के लिहायची आणि आत मेलेलं बी भरायचं, ही फसवणूकच आहे. तिथं दुकानदार म्हणाला, "घेताना बघून घ्यायचं होतं," तर आपण त्याला सोडू का? मग हेच वाक्य आपणच एकमेकांना कसं ऐकवतो? कंपनीनं लेबलवर खरं लिहावं, आणि आपण मात्र चेसीवर काळा रंग मारावा?

माझ्याविरुद्ध तीन मुद्दे येणार हे माहीत आहे. आधीच उत्तर देतो.

पहिला, "जुनी गाडी झिजलेलीच असणार." कबूल. झिजेबद्दल माझी तक्रारच नाही. टायर झिजणार, चेन-सॉकेट झिजणार, क्लच प्लेटा झिजणार. पण झीज वेगळी आणि लपवणूक वेगळी. सात वर्षांत रिंगा झिजणं हा वापर झाला. त्या झिजल्यात हे कळू नये म्हणून जाड ऑइल घालणं हा डाव झाला.

दुसरा, "कमी भावात हे धरलेलंच असतं." कुठं धरलं होतं? ३६,००० हा आमच्या भागात चालू, धड गाडीचा भाव आहे. "इंजिनचं काम निघालंय" असं सांगून २५,००० ला दिली असती तर मी हसत घेतली असती. भाव धड गाडीचा घ्यायचा आणि माल मोडका द्यायचा, हा व्यवहार कसा होईल?

तिसरा, "मिस्त्री घेऊन का गेला नाहीस?" ही माझी चूक, शंभर टक्के. पण मिस्त्रीसुद्धा विकत घ्यायच्या आधी इंजिन उघडून बघू शकत नाही. आत काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक असतं. ज्याला ठाऊक आहे त्यानं बोलायचं नाही आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं ओळखायचं, असली कसली रीत?

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. १८७२ चा करार कायदा, कलम १७. त्यात उदाहरण आहे घोड्याचं. आजारी घोडा लिलावात विकला आणि विकणारा नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक धरत नाहीत. म्हणजे पारावरच्या लोकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण पुढचं वाचा. घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट समजतो," आणि तरी विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच धरलं जातं. आणि ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवली तर ती त्याच कलमाखाली फसवणूक. जाड ऑइल आणि काळा रंग हे नुसतं गप्प बसणं नाही, हे झाकणंच आहे. माझी चूक एवढीच की मी तो प्रश्न चारचौघांत विचारला नाही. तुम्ही विचारा. मोबाइलवर लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता घेणाऱ्यांसाठी, माझ्या ११,२०० रुपयांच्या शिकवणीतून:

१. न कळवता सकाळी जा. इंजिनजवळ हात धरून बघा. गरम असेल तर थांबा, थंड होऊ द्या, मग किक मारा.

२. धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते. गाडी वेगात आणून थ्रॉटल सोडा, पुन्हा द्या. देताना निळा धूर आला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील यांची शंका धरा.

३. ऑइलची पट्टी काढून बोटावर घासा. फार घट्ट वाटलं तर विचारा, कोणतं घातलंय आणि कधी.

४. मधल्या स्टँडवर लावून हँडल सावकाश दोन्हीकडं फिरवा. मधे अडकलं तर कोनसेट गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ असेल तर बुश किंवा बेअरिंग. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती पडलेली असू शकते.

५. सीट काढून चेसी बघा. वेल्डिंग, नवा रंग, भोकं दिसली तर तिनं ओझी वाहिली आहेत. ओझी वाहणं हा गुन्हा नाही, पण मग मास्तरची गाडी म्हणू नये.

६. चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. सातबाऱ्यावर बोजा बघता तसा आरसीवरही बघा. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवावा लागतो.

आणि विकणाऱ्यांनो, कागदाचा हलगर्जीपणा तुमच्याच मुळावर येतो हे ध्यानात ठेवा. "फॉर्म २९ आणि ३० वर सही करून दिली, आता माझा संबंध संपला" असं समजू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी तुमच्याच नावावर राहिली आणि पुढच्या कुणी अपघात केला, तर भरपाईसाठी नोंदीवरचा मालक जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. एजंटामार्फत विकत असाल तर त्याच्याकडं आरटीओचा अधिकृत दाखला आहे का ते विचारा. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी हा नियम एप्रिल २०२३ पासून आहे.

आता शेवटचं, माझ्या गाडीचं काय झालं ते.

काम करून घेतल्यावर चेसीच्या त्या वेल्डिंगवर माझा भरवसा बसेना, म्हणून विकायची ठरवली. दूध संकलनाला जाणारा एक पोरगा आला. गाडी छान चालत होती, तो ३८,००० द्यायला तयार झाला. मी सीट काढून वेल्डिंग दाखवलं. मिस्त्रीचं बिल दाखवलं. म्हणलं, "इंजिन नवं धर, पण कॅनचं ओझं ह्या चेसीवर घालू नको." पोरगा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "मला तर कॅनच न्यायचं हाय, काका." आणि निघून गेला. गिऱ्हाईक गेलं. महिनाभरानं एका किराणा दुकानदारानं सगळं ऐकून, बघून ३२,००० ला घेतली. नाव चढवायला मी स्वतः आरटीओत गेलो.

हिशेब साधा आहे. घातले ४७,२००, आले ३२,०००. तोटा १५,२०० रुपये. घरात बोलणी खाल्ली. पारावर येडा ठरलो. पण तो पोरगा पहाटे ऐंशी लिटर दूध घेऊन घाटातनं उतरताना चेसी मोडली असती, तर ते पंधरा हजार मला कसे पचले असते?

तोटा कुणीतरी सोसायचाच असतो. पुढं ढकलत राहिला तर तो शेवटी सगळ्यात गरजू आणि सगळ्यात कमी कळणाऱ्या माणसाच्या अंगावर पडतो. तो माणूस आपल्यातलाच कुणीतरी असतो.

यंदा कुणाला गाडी, पंप, ट्रॅक्टर काही जुनं विकायचं असेल तर विका, भाव करा, ताणून धरा. पण खोड सांगून विका.