विमानातली शॅम्पेन आणि आपली बिननावाची पोती



मागच्या बैठकीत एक ठराव आला आणि मी त्याला विरोध केला. ठराव असा होता: एअर इंडियाच्या विमानात पुढच्या महागड्या वर्गातल्या प्रवाशांना फ्रान्सची शॅम्पेन पाजतात, ती बंद करून नाशिकची स्पार्कलिंग वाइन द्यावी, म्हणजे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला भाव मिळेल. टाळ्या पडल्या. मी उठून म्हणालो, ‘हा ठराव शेतकऱ्याचा नाही, बाटलीवाल्याचा आहे.’ दोघे-तिघे चिडले. ‘साहेब शिकलेले, त्यांना परदेशीच गोड लागणार,’ असे मागून कुणीतरी म्हणाले. रात्र झाली होती, तुम्हाला गाड्या पकडायच्या होत्या, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आज लिहितो.

कापूस-ज्वारीवाल्याने या भानगडीत का पडावे, असे तुम्ही विचाराल. आपल्यातल्या बहुतेकांनी विमान पाहिले आहे ते शेतातून, मान वर करून. तरीही वाचा. हा हिशेब तुमच्याच पोत्यापाशी येणार आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. द्राक्षाचा रस आंबवून वाइन होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवले, की ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. तयार झालेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, वाइनमध्येच मुरतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त दाब त्या बाटलीत असतो. बूच उडते, फेस येतो, तो यामुळे. ही झाली स्पार्कलिंग वाइन. फ्रान्समध्ये पॅरिसच्या पूर्वेला शॅम्पेन नावाचा प्रांत आहे. तिथल्या ठरवून दिलेल्या शिवारातल्या द्राक्षांची, तिथल्या नियमांनी केलेली असेल तरच तिला शॅम्पेन म्हणता येते. तिथल्या द्राक्षमळ्यांचे एकूण क्षेत्र सुमारे ३४,००० हेक्टर आहे. आमच्या एका शहापूर तालुक्यात ते मावून बरीच जागा उरेल.

हीच पद्धत आपल्याकडेही आली. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांची मदत घेऊन अशी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. कंपनीच्या नावातच तेव्हा शॅम्पेन होते. पुढे ते नाव गेले आणि नंतर कंपनीही बुडाली. २०१३ साली मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीने नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला केलेली ‘शाँदों’ बाजारात आणली. आता गंमत पाहा. एमिरेट्सच्या विमानात पहिल्या वर्गाला मिळणारी ‘दॉम पेरिन्याँ’ याच कंपनीची. मालक एक, पद्धत एक, पण दिंडोरीच्या बाटलीवर शॅम्पेन हा शब्द छापण्याची या मालकाचीही छाती नाही. भारताच्या भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीतसुद्धा शॅम्पेनचे नाव नोंदलेले आहे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये खाण्यापिण्याची यादी बदलली, आणि वरच्या वर्गासाठी लॉरां-पेरिए ही शॅम्पेन आली.

चवीत इतका फरक असतो का? जमिनीवर जाणकाराला कळत असेल. आपल्या उन्हात द्राक्षातला आंबटपणा लवकर उतरतो, म्हणून नाशिकला लवकर तोडणी करावी लागते. थंड मुलखात तो टिकतो. इतके मी शेतीचा पदवीधर म्हणून मान्य करतो. पण उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच ठिकाणी, कोरड्या हवेत, नाक सुकलेले आणि जीभ मंदावलेली, अशा अवस्थेत तो गृहस्थ पेला तोंडाला लावतो. त्याला चव किती कळते ते तोच जाणे. तो नाव पितो. विमान कंपनीला हे पक्के ठाऊक आहे, म्हणून ती नावाचे पैसे मोजते.

आता खरा प्रश्न. हे नाव आले कुठून? राजाने दिले नाही, व्यापाऱ्याने तर मुळीच दिले नाही. शेतकऱ्यांनी ते रस्त्यावर येऊन मिळवले.

१९१० साली शॅम्पेनचे पीक जवळजवळ पूर्ण गेले. त्याआधीची काही वर्षेही वाईटच होती. द्राक्षे शेतकऱ्यांची, बाटल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांच्या, ही तिथली जुनी रीत. पेढ्यांनी काय केले? लुआर नदीच्या खोऱ्यातून आणि दक्षिणेतून रेल्वेने स्वस्त वाइन आणली, बाटलीत भरली आणि वर शॅम्पेनची चिठ्ठी डकवली. पीक गेलेल्या शेतकऱ्याला भावही मिळेना, कारण त्याच्या द्राक्षावाचून व्यापाऱ्याचे काही अडत नव्हते. हे तुम्हाला ओळखीचे वाटत असेल. जानेवारी १९११ मध्ये शेतकऱ्यांनी बाहेरून आलेला माल अडवला आणि पिंपे मार्न नदीत लोटली. एप्रिलमध्ये आई नावाच्या गावात (उच्चार अगदी आपल्या ‘आई’सारखाच) पेढ्यांची कोठारे पेटली. सरकारने फौज धाडली. हद्द कुठे आखायची यावरून शेतकरी शेतकऱ्यांतही भांडले. ओब भागातल्यांना बाहेर ठेवले म्हणून तेही रस्त्यावर आले. अखेर १९२७ च्या कायद्याने हद्द ठरली.

जाळपोळीचे मी समर्थन करत नाही. पण त्यांची मागणी ध्यानात घ्या. त्यांनी अनुदान मागितले नाही, कर्जमाफी मागितली नाही. ‘आमच्या मातीचे नाव दुसऱ्याच्या मालावर लावू नका’ एवढेच मागितले. ते मिळाल्यावर भाव मागावा लागला नाही, तो ठरवता आला. १९४१ पासून तिथे एक समिती आहे, तिच्यात शेतकरी आणि पेढीवाले बरोबरीने बसतात. हेक्टरी किती द्राक्षे तोडायची हे दर हंगामात तिथे ठरते; २०२४ साली १०,००० किलो ठरले. आवक किती होऊ द्यायची हे शेतकऱ्याला विचारून ठरते! आपल्याकडे आवक वाढली की अडत्या हसतो. तिथल्या मळ्यांपैकी सुमारे नऊ दशांश मळे अजून शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत, आणि अलीकडच्या हंगामांत द्राक्षाचा भाव किलोला ६ युरोंच्या वर राहिला. आपले ५०० रुपयांहून जास्त झाले. एका बाटलीला सुमारे १.२ किलो द्राक्षे लागतात. बाटली कितीला विकली जाते ते सोडा. तिच्यातले ६००-७०० रुपये शेतकऱ्याच्या घरात गेले.

तिकडे सगळे रामराज्य आहे असे मात्र समजू नका. २०२३ च्या तोडणीत उन्हाने मजूर मेले, आणि मजुरांना कोंबून ठेवलेल्या जागांवरून खटले झाले. नाव शेतकऱ्यापर्यंत पोचले, तोडणाऱ्यापर्यंत पोचले नाही. आमच्या शहापूर-मुरबाडचे कातकरी वीटभट्टीवर कसे राहतात हे पाहिलेल्या माणसाला ती बातमी परकी वाटत नाही.

आता नाशिककडे या. २००१ च्या धोरणाने राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्क माफ झाले. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तोही शेतकऱ्याच्या भल्याचे नाव घेऊन. विरोध झाला आणि तो अंमलात आलाच नाही. या सगळ्यात सवलत कारखान्याला मिळाली. द्राक्षाचा भाव कोणी ठरवायचा, याबद्दल शेतकऱ्याच्या हाती काही आले नाही. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे असते. ते टोपलीत घालून विकता येत नाही, त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. म्हणजे वेल लावली त्या दिवसापासून गिऱ्हाईक एकच. २००९-१० च्या सुमारास कारखान्यांनी माल उचलणे कमी केले, तेव्हा कित्येकांनी हाताने लावलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. शेतीच्या अभ्यासक्रमात मला वेलीची छाटणी शिकवली होती, एकाच गिऱ्हाइकाच्या तावडीतून सुटायचे कसे ते शिकवले नव्हते.

अशा स्थितीत विमानात नाशिकची बाटली गेली तर काय होईल? देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत दारू देतच नाहीत; प्रश्न फक्त परदेशी जाणाऱ्या विमानांचा आणि त्यांतल्या पुढच्या काही ओळींचा. वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के आयात शुल्क होते, पण परदेशी जाणाऱ्या विमानावरच्या साठ्याला शुल्क लागत नाही. म्हणजे तिथे नाशिकच्या बाटलीला कसलीही आड नाही. विमान कंपनी म्हणणार, नाव नाही तर भाव कमी करा. कारखाना तो कमी करणार आणि तूट द्राक्षवाल्याच्या बिलातून वळती करणार. टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा हिशेब केला होता का?

मार्च २०२३ मध्ये त्याच दिंडोरीतून हजारो माणसे पायी निघाली, कसारा घाट उतरून वासिंदपर्यंत आली. कांद्याला भाव द्या, वनजमिनीचे हक्क द्या, या मागण्या होत्या. तो मोर्चा आपला नव्हता, झेंडा वेगळा होता. पण मी रस्त्याच्या कडेला पाण्याचे ड्रम घेऊन उभा होतो. (धरणे आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, ड्रम टँकरचे.) ज्या गावातून देशातली नावाजलेली स्पार्कलिंग वाइन निघते, त्याच गावातून फुटलेल्या टाचांची माणसेही निघतात. बाटलीचा प्रवास पाहून शेतकऱ्याची प्रगती मोजणाऱ्यांनी कधी घाटात उभे राहून पाहावे.

आणि आता तुमची पोती. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना झाली. डंकेलच्या मसुद्यावर आपण बियाणे आणि अनुदाने यांवरून घसा कोरडा केला, बाजूने आणि विरुद्धही. पण बौद्धिक संपदेच्या त्या करारात आणखी एक पंक्तिभेद आहे, त्यावर फारसे कुणी बोलले नाही. कलम २३ वाइन आणि मद्याच्या नावांना खास संरक्षण देते: ‘शॅम्पेनसारखी’ असेही लिहायचे नाही, गिऱ्हाईक फसो वा न फसो. बाकी सगळ्या मालाला कलम २२: गिऱ्हाईक फसले हे आधी सिद्ध करा. श्रीमंतांच्या पेल्याला एक कायदा आणि गरिबांच्या भाकरीला दुसरा! १९९७ साली अमेरिकेत राइसटेक कंपनीला बासमतीवर पेटंट मिळाले, तेव्हा भारताला झगडत बसावे लागले. हे कलम सगळ्या शेतमालाला लावा, असे भारत म्हणत आला आहे. त्यासाठी आपल्यातल्या एकानेही कधी मोर्चा काढला नाही.

ज्वारीला नाव मिळत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला चीनकडे पाहायला सांगा. मौताई ही तिथली दारू लाल ज्वारीची. ती करणारी कंपनी भांडवली बाजारातल्या किमतीने जगातल्या दारू कंपन्यांत सर्वांत मोठी म्हणून गणली गेली. धान्य ज्वारीच, नाव त्या एका गावाचे. आपल्याकडे ज्वारीपासून दारूची योजना २००७ च्या सुमारास आली ती कशासाठी? पावसाने काळी पडलेली ज्वारी खपावी म्हणून. चांगली ज्वारी बिननावाची, आणि काळीला कारखान्याची वाट. आमच्या ठाणे जिल्ह्याला तर १८९२ पासूनची आठवण आहे. मुंबई सरकारने कायदा करून इथल्या मोहफुलांवर निर्बंध घातले, आणि आदिवासीच्या अंगणातले फूल गुन्ह्याचा पुरावा झाले. फ्रान्सच्या खेड्यातले पेय विमानात पोचले, आमचे पोलीस चौकीत.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या शेजारच्या वाडा कोलम तांदळाला २०२१ साली, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली. कागद भिंतीवर लागले. पण कल्याणच्या दुकानात मला कुठलीही पांढरी टपोरी ज्वारी ‘मालदांडी’ म्हणूनच दाखवतात. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला त्यात काय मिळते? कापसाची गत याहून वाईट. एकाधिकार खरेदीच्या काळात तुमचा वेचून आणलेला स्वच्छ कापूस आणि शेजाऱ्याचा पाणी मारलेला कापूस एकाच गंजीत गेला. आता व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये जातो. गाठीवर कारखान्याचा शिक्का असतो, शिवाराचा नसतो.

म्हणून मूळ ठराव मागे घेऊन मी पुढच्या बैठकीत हा मांडणार आहे: कलम २३ चे संरक्षण धान्य आणि कापसालाही मिळावे, यासाठी केंद्राने जागतिक व्यापार संघटनेत नेट लावावा, मानांकन मिळालेल्या मालाचे नाव बाहेरच्या मालावर लावणाऱ्या व्यापाऱ्याचा बाजार समितीने परवाना रद्द करावा, आणि वाइन कारखान्याला करसवलत देताना द्राक्षाचा भाव ठरवणाऱ्या समितीत निम्मे शेतकरी असण्याची अट घालावी. विमानात काय पाजायचे ते विमानवाले बघून घेतील.

मंगळवेढा आणि जालन्याकडच्या कार्यकर्त्यांनी येताना सात-बारा आणि आधारची प्रत आणावी. मानांकनाचे ‘अधिकृत वापरकर्ते’ म्हणून नोंद करायचा अर्ज छापून ठेवला आहे. शुल्क नाममात्र आहे, भरून मी देईन. ज्यांना मुक्काम करता येणार नाही त्यांनी आधी कळवावे. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, तेवढ्या वेळात कागद फलाटावरच घेईन.