चकली उलटी का झोपली?



मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला आणि दिवसभर धमाल उडाली. माझी आतेबहीण मँचेस्टरला असते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाने बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर पाळला आहे. मादी आहे. सदानकदा गोल वेटोळं घालून बसते, म्हणून नाव ठेवलंय चकली. फोटोत ही चकली चक्क पाठीवर पडली होती, पांढरं पोट वर करून.

"शवासन!" मी लिहिलं. काकांनी लिहिलं, "तळायच्या आधीच मोडली." आजीने नुसते जोडलेले हात पाठवले, तिच्या लेखी साप नागपंचमीला चित्रात पुजावा, घरात आणू नये.

रात्री भाच्याचा मला वेगळा मेसेज आला. "मामा, ती अशी कधीच झोपत नाही."

माझं हसू तिथेच थांबलं. दिवसभर आम्ही दुसरं काय करतो? 'स्क्रीन विचित्र दिसतेय' या तक्रारीपेक्षा 'कालपर्यंत असं नव्हतं' हे वाक्य शंभरपट कामाचं असतं. मी त्याला फोन केला आणि ताईला तिथल्या सापांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितलं. मग आम्ही दोघं वाचायला बसलो.

सापाची झोप ओळखणं मुळातच अवघड. त्याला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. त्यामुळे झोपलेला साप आणि टक लावून बघणारा साप सारखेच दिसतात. तो ओरडत नाही, कण्हत नाही. आपल्याला कळण्यासारखं जे काही असतं, ते बरंचसं त्याच्या बसण्या-पडण्यातून.

बॉल पायथन मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडायचं, रात्री बाहेर पडायचं. घाबरली की डोकं आत घालून अंगाचा चेंडू करते, त्यावरूनच हे नाव पडलं. म्हणजे घट्ट वेटोळं ही तिची नेहमीची बैठक. अरुंद जागेत विचित्र पीळ घालून पडणंही नेहमीचंच. अंडी पोटात असलेली मादी ऊब घ्यायला कधीकधी अंग उलटं करून पडते. म्हणजे नुसतं 'उलटी झोपली' यावरून काहीच ठरत नाही. आधी काय झालं, हे बघावं लागतं.

"आठवड्याभराचे सगळे फोटो पाठव," मी म्हटलं. तेरा वर्षांच्या मुलाकडे फोटोंना काय तोटा! तारखेनुसार लावले. सोमवारी चकली पाण्याच्या भांड्यात बसलेली. मंगळवारीही तिथेच. बुधवारी दिवसाढवळ्या काचेवर नाक घासत वर चढतेय. गुरुवारी पेटीच्या थंड कोपऱ्यात, उलटी.

पाण्यात बसण्याची कारणं तीन-चारच: कात टाकायची वेळ आली, अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे झाले, किंवा उकडतंय. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर होतात. तिचे स्वच्छ होते. किडे दिसत नव्हते. उरला उकाडा.

"पण मामा, थर्मोस्टॅट बत्तीस दाखवतोय."

"सेन्सर कुठे आहे?"

थोडा वेळ शांतता. मग, "अरे... तो खाली लोंबतोय. पेटीच्या बाहेर."

तेच झालं होतं. चिकटपट्टी सुटून सेन्सर बाहेर पडला होता. तो मँचेस्टरच्या गार खोलीचं तापमान मोजत होता आणि बिचारा थर्मोस्टॅट इमानदारीने हीट मॅट तापवत होता. आकडा बत्तीसचा दिसत होता, पण ते आपण लावून ठेवलेलं तापमान होतं, पेटीतलं नव्हे. उबदार बाजूला एकतीस ते तेहतीस अंश आणि थंड बाजूला पंचवीस-सत्तावीस अंश हवं. वेगळा थर्मामीटर ठेवला तेव्हा मॅटवर एक्केचाळीस निघालं! पोटाचे काही खवले लालसर झाले होते. डॉक्टरांनी भाजल्याचं सांगून मलम दिलं. एक-दोनदा कात टाकली की खूण पुसट होईल म्हणाले. आणखी आठवडा आम्ही शवासनावर हसत बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो.

वाचताना आणखी काही गोष्टी कळल्या. साप मान मागे टाकून छताकडे बघत राहिला, उलटा केल्यावर स्वतःहून सुलटा होईना, तर ते गोड नाही. मेंदू किंवा मज्जासंस्थेचा त्रास असू शकतो. त्यामागे संसर्ग, अति उष्णता किंवा किडे मारायच्या औषधाची विषबाधा असू शकते. तोंड उघडं ठेवून, मान उंचावून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे दिसत असतील, तर फुप्फुसाचा आजार. दोन्हींत थेट डॉक्टर. 'स्पायडर' नावाच्या सुंदर नक्षीच्या बॉल पायथनची मान तर जन्मतःच डुगडुगते. ती नक्षी आणि तो दोष एकाच जनुकातून येतात. आपल्या डोळ्यांना छान दिसावं म्हणून त्यांची पैदास होते, हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो.

हे वाचून कुणाला साप पाळायची हुक्की आली असेल, तर आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. देशी साप घरात ठेवता येत नाहीत आणि बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बडोद्यात पावसाळ्यात घरात साप निघाला तर सर्पमित्रांना बोलवावं, फोटोसाठी काठीने डिवचू नये.

भाच्याने आता वही केली आहे. रोज दोन ओळी: चकली कुठे बसली, कशी बसली, थर्मामीटर किती. परवाची नोंद त्याने मला पाठवली: "गोल. नेहमीसारखी."

इतका कंटाळवाणा रिपोर्ट वाचून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तुमच्या घरी मांजर असो, पोपट असो की न बोलणारे आजोबा, त्यांचं 'नेहमीसारखं' काय आहे, ते एकदा नीट बघून ठेवा.

भेटू पुढच्या महिन्यात.